पाठीवरचें बिऱ्हाड

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपल्याकडे फारशा आदरानें वापरली जात नाहीं. ज्याला घर ना दार, ज्याचा मुक्काम आज येथें तर उद्यां तेथें, अशा माणसाचा विषय निघाला कीं ती तोंडांत येते, आणि बोलणाऱ्याच्या स्वरांत थोडी कींव व थोडा संशय असतो. ऑस्ट्रेलियांत मात्र या म्हणीला निंदेचा वास उरलेला नाहीं. निवृत्त झालेला बँकेचा व्यवस्थापक, शाळेची मुख्याध्यापिका, स्वतःचें दुमजली घर असलेला सुतार, अशीं प्रतिष्ठित माणसें येथें आपण होऊन पाठीवर बिऱ्हाड घेतात आणि त्यासाठीं आयुष्याच्या शिलकेंतील मोठा हिस्सा हंसत हंसत मोजतात. दक्षिणेकडे थंडी पडूं लागली कीं हीं बिऱ्हाडें ओळीनें उत्तरेच्या उन्हाकडे सरकूं लागतात. लोक त्यांना थट्टेनें पांढऱ्या केसांचे भटके म्हणतात, आणि त्यांतले कांहीं तें नांव गाडीच्या मागल्या कांचेवर मोठ्या अभिमानानें मिरवितात.

आम्ही या जमातींत अजून पुरते दाखल झालेलों नाहीं. नोकऱ्या चालू आहेत आणि केस अर्धेच पांढरे झाले आहेत. ॲडलेड शहरांत आमचें विटांचें, कौलारू घर आहे. परंतु त्याशिवाय बारा वर्षें आम्हांला दुसरेंही एक घर होतें, आणि तें कापडाचें होतें.

कॅम्पर-ट्रेलर म्हणून जी वस्तु इकडे मिळते ती म्हणजे चाकांवर ठेवलेली एक मोठी पेटी. मोटारीमागें ती जोडावयाची आणि निघावयाचें. मुक्कामाला पोंचलें कीं तिचें झांकण उलटें उघडावयाचें. त्या झांकणाचीच जमीन होते, पेटीच्या पोटांतून कमानी उभ्या राहतात, त्यांवर जाड सुती कापडाचा तंबू ताणला जातो, आणि पेटीच्या माथ्यावरची गादी तंबूच्या आंत माळ्यासारखी दिसूं लागते. तीवर चढावयास एक लहान शिडी. मागच्या बाजूनें एक खण ओढला कीं शेगडी, बेसिन आणि पोळपाट ठेवण्यापुरती जागा मिळते. हें सर्व दहा मिनिटांत होतें, असें विकणारा म्हणतो. सरावानें आम्हांला पंचवीस मिनिटें लागत. वारा असला तर चाळीस, आणि त्यांतलीं पंधरा एकमेकांना सूचना देण्यांत जात.

या कापडाचा एक संस्कार असतो, तो सांगण्याजोगा आहे. नवा तंबू पहिल्या पावसांत शिवणींतून गळतो. म्हणून तो आधीं अंगणांतच उभारावा, नळीनें चिंब भिजवावा, कडकडीत वाळूं द्यावा, आणि असें दोन-तीन वेळां करावें. पाण्यानें धागा फुगतो आणि सुईनें पाडलेलीं भोंकें बुजून जातात. बिडाचा नवा तवा तेल पाजून तापवून कामाला लावावा लागतो, त्यांतलाच हा प्रकार. २०१२ सालच्या मे महिन्यांत आम्हीं अंगणांत तीन दिवस तंबूला पाणी घातलें, तेव्हां शेजारच्या वृद्ध गृहस्थांनीं कुंपणावरून, हें झाड कसलें आहे, म्हणून चौकशी केली होती.

त्या कापडाखालीं आम्हीं जें ऐकिलें तें विटांच्या घरांत बारा जन्मांत ऐकूं आलें नसतें. फ्लिंडर्सच्या डोंगरांत रात्रीं कांगारू चरतात तेव्हां गवत तुटण्याचा आवाज येतो, आणि तो उशापासून हातभर अंतरावर असला तर आपण श्वाससुद्धां जपून घेतों. पहाटे पांढऱ्या काकाकुव्यांचा थवा उठतो. तें गाणें नव्हे. तो एक प्रकारचा दंगा असतो. जाळीच्या खिडकींतून आकाशगंगा अशी दिसते कीं तिला आकाशगंगा कां म्हणतात हें शहरांतल्या मुलाला पुन्हां समजावून सांगावें लागत नाहीं. आमचीं दोन्ही मुलें त्या माळ्याखालच्या जमिनीवर वाढलीं, असें म्हटलें तरी चालेल. आतां एक मेलबर्नला आहे व दुसरें सिडनीला, आणि दोघांनाही सुटींत समुद्रकांठचें हॉटेल अधिक आवडतें.

कापडाचे दोषही कांहीं थोडे नव्हते. ओलें कापड घडी करून ठेवलें कीं त्याला बुरशी धरते. त्यामुळें रविवारीं पावसांत भिजून घरीं यावें, आणि सोमवारीं कचेरी गांठण्यापूर्वीं पहांटे मोटारखान्यांत तंबू पुन्हां पसरून ठेवावा, हें ठरलेलें असे. तें मात्र आम्हीं कधीं मनावर घेतलें नाहीं. खरी अडचण निघाली ती शिडीची. आमच्यापैकीं एकाच्या उजव्या गुडघ्यानें २०२१ सालापासून असहकार पुकारला. दिवसा तो चालावयास तयार असतो. रात्रीं दोन वाजतां, बाहेर हिंव पडलेलें असतांना, माळ्यावरून शिडीनें खालीं येणें, चेन उघडणें, बूट उलटा करून त्यांत कोळी नाहीं ना तें पाहणें, आणि काळोखांत पन्नास पावलें जाऊन परत तोच द्राविडी प्राणायाम करणें, एवढ्याला मात्र तो साफ नाहीं म्हणतो. दोन हिवाळे आम्हीं औषधें, पट्टे आणि व्यायाम यांवर काढले. तिसऱ्या हिवाळ्यांत आम्ही कोठें गेलोंच नाहीं. मोटारखान्यांत ती पेटी तशीच उभी होती, आणि तिच्या बाजूनें जातांना आम्ही दोघेंही तिच्याकडे पाहावयाचें टाळीत होतों.

शिवाय आई होती. आमच्या घरांत आई एकच. ती दोघांपैकीं कोणाची, हें विचारण्याचें कारण आतां उरलेलें नाहीं. २०१८ च्या जुलैंत ती सांगलीहून तीन महिन्यांसाठीं आली होती, तेव्हां तिला आम्हीं विल्पीनाला नेलें. शिडी ती आमच्याहून चपळपणें चढली. पण रात्रीं पारा शून्याजवळ गेला. दोन स्वेटर, शाल, कानटोपी आणि आमच्या वाटणीचें पांघरूण अशा सरंजामांत तिनें रात्र बसून काढली. सकाळीं चहाचा पेला दोन्ही हातांत धरून ती म्हणाली, "जागा फार सुरेख आहे रे. पण पुढच्या खेपेला मला एक भिंत तेवढी बघा."

तेव्हां कॅरॅव्हॅन घेण्याचा विषय निघाला, आणि निघाल्याबरोबर आमच्यांत दोन पक्ष पडले. ज्याचे गुडघे शाबूत होते त्या पक्षाचा कॅरॅव्हॅनला विरोध होता, ही गोष्ट लपविण्यांत अर्थ नाहीं. त्या पक्षाचें म्हणणें असें: मुक्कामांच्या जागीं आपण बारा वर्षें हीं चाकांवरचीं घरें पाहत आलों आहों. संध्याकाळीं तीं येतात, दार लागतें, पडदे ओढले जातात, वातानुकूलन यंत्र घूं घूं करूं लागतें आणि आंतून दूरचित्रवाणीचा निळा उजेड दिसतो. घरापासून आठशें किलोमीटर जावयाचें आणि घरच बरोबर न्यावयाचें, तर मग आपण गेलों कोठें? भिंत एकदां आली कीं मागोमाग खिडकीला पडदा येतो, पडद्यामागें सोफा येतो, आणि सोफ्यावर बसलेल्या माणसाला आकाशगंगेसाठीं उठवत नाहीं.

या म्हणण्यांत पुष्कळ तथ्य आहे असें आम्हां दोघांनाही वाटतें. परंतु गुडघ्याच्या पक्षानें एकच उत्तर दिलें. निवड कापड आणि भिंत यांमध्यें नाहीं. ती भिंत आणि घरीं बसणें यांमध्यें आहे. तिसऱ्या हिवाळ्याचा अनुभव ताजा असल्यामुळें याला प्रत्युत्तर नव्हतें. नव्या स्वयंपाकघरासाठीं म्हणून जे पैसे अनेक वर्षें बाजूला पडत होते ते तेथून उचलावयाचें ठरलें, आणि जुन्या स्वयंपाकघराच्या सुटलेल्या लाद्या पुन्हां चिकटवून घेतल्या.

यानंतर पांच महिने प्रत्येक शनिवारीं आम्ही कोणत्या ना कोणत्या विक्रेत्याच्या अंगणांत उभे असूं. तेथें जिकडेतिकडे 'ऑफ-रोड' हा शब्द मोठ्या अक्षरांत रंगविलेला असतो. या शब्दाचा अर्थ कायद्यानें कोठें बांधून दिलेला नाहीं, त्यामुळें तो रंगवावयास रंगापलीकडे खर्च येत नाहीं. दोन इंच उंच उचललेली, जाड टायरांची आणि पुढच्या भागाला पत्रा ठोकलेली शहरी कॅरॅव्हॅनही त्याच नांवानें विकली जाते, आणि हमीपत्राच्या बारीक अक्षरांत कच्च्या रस्त्यांना वगळलेलें असूं शकतें. २०२२ मध्यें येथील ग्राहक-आयोगानें नव्या कॅरॅव्हॅनच्या विक्रीविषयीं एक स्वतंत्र अहवालच काढला, यावरून तक्रारींचा गठ्ठा केवढा असेल त्याची कल्पना यावी. म्हणून गाडीच्या आंत शिरून गाद्या दाबून पाहण्यापूर्वीं आम्ही सतरंजी अंथरून तिच्याखालीं शिरत असूं. खरी ऑफ-रोड कॅरॅव्हॅन पाठीवर निजूनच ओळखावी. खालीं दोन चाकांना जोडणारा आडवा कणा दिसला तर ती साधी. प्रत्येक चाक आपापल्या स्वतंत्र दांड्यावर, स्वतःच्या स्प्रिंगसह वरखालीं होत असलें तर पुढें बोलावयास हरकत नाहीं. सांगाडा जस्तांत बुडवून काढलेला असावा. पाण्याच्या टांक्यांना खालून कवच असावें. मोटारीला जोडणारा सांधा नेहमींच्या गोळ्या-वाटीचा नसून तिन्ही दिशांना फिरणारा असावा, म्हणजे मोटार एका कुशीवर आणि कॅरॅव्हॅन दुसऱ्या कुशीवर कलली तरी मान मुरगळत नाहीं. भिंतीच्या आंत लांकूड आहे कीं नाहीं तेंही विचारावें. एका बारीक फटींतून शिरलेलें पाणी लांकडी चौकटीला वर्षानुवर्षें मुकाट्यानें खात राहतें, आणि मालकाला तें कळतें तेव्हां भिंत बोटानें दाबली जाते. सूर्यशक्तीच्या तावदानांविषयीं आणि लिथियमच्या बॅटरीविषयीं विक्रेते आपण होऊन तासभर बोलतात, तेव्हां त्याबद्दल आम्ही लिहिण्याची आवश्यकता नाहीं.

ते बोलत नाहींत तें वजनाबद्दल. एका अंगणांत आम्हीं गाडीच्या वजनाचा आंकडा तीन वेळां विचारला आणि तिन्ही वेळां त्या हंसतमुख गृहस्थांनीं गाद्यांच्या रंगाचा विषय काढला. वास्तविक तो आंकडा गाडीच्या दांड्यावर खिळ्यांनीं ठोकलेल्या पट्टीवर कोरलेला असतो. रिकाम्या गाडीचें वजन एक, आणि भरलेल्या गाडीचें जास्तींत जास्त वजन दुसरें; या दुसऱ्याला येथें 'एटीएम' म्हणतात. आपल्याकडे त्या अक्षरांचें यंत्र पैसे देतें, इकडचें घेतें. आम्हीं शेवटीं निवडलेल्या सोळा फुटी कॅरॅव्हॅनचें रिकामें वजन २१५० किलो, आणि भरून २७०० च्या वर जावयाचें नाहीं. आमच्या मोटारीची ओढण्याची मर्यादा ३००० किलो. म्हणजे कागदावर सर्व ठीक. पण मधले ५५० किलो जातात कोठें तें पाहा. दोन टांक्यांत १८० लिटर पाणी, म्हणजे १८० किलो. गॅसचीं दोन भरलेलीं सिलिंडरें ३६. राहिले ३३४, त्यांत अंथरूण-पांघरूण, कपडे, भांडीं, धान्य, हत्यारें, खुर्च्या, दोर, जॅक, पुस्तकें आणि औषधांची पेटी. आम्हीं एक वही केली आणि घरांतल्या काट्यावर प्रत्येक वस्तु ठेवून तिचें वजन तींत लिहिलें. खलबत्ता ४ किलो भरला. त्याच्यावर एक संध्याकाळ वाद झाला, आणि मिरपूड घरूनच कुटून नेण्याचें ठरलें.

याहूनही नाजूक हिशेब जोडाच्या ठिकाणीं पडणाऱ्या भाराचा. सर्वसाधारण नियम असा कीं मागच्या गाडीच्या एकूण वजनाचा सुमारें दहावा हिस्सा मोटारीच्या शेंपटावर टेंकला पाहिजे. आमच्या बाबतींत २७० किलो. हा भार मोटारीच्या स्वतःच्या पाठीवर येतो, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत नसते. आमची मोटार ६५० किलो वाहूं शकते. त्यांतून हे २७० गेले, आम्हां दोघांचे १४० गेले, पुढचें लोखंडी कुंपण आणि मागची ओढकडी यांचे ८० गेले, उरले १६०. मोटार एवढी मोठी, पण मागें कॅरॅव्हॅन असली कीं तींत तिसऱ्या माणसाचें सामान ठेवतांना विचार करावा लागतो.

भार दहाव्या हिश्श्याहून फार कमी झाला तर काय होतें, तें आम्हांला आईनें आधींच सांगितलें होतें. २०१८ च्या त्याच प्रवासांत पोर्ट ऑगस्टाच्या रस्त्यावर आमच्या पुढें एक मोठी कॅरॅव्हॅन चालली होती. मालकानें तिच्या मागल्या बाजूला दोन सायकली, दोन जादा चाकें आणि पाण्याचे डबे टांगले होते. वेग थोडा वाढला कीं तिचें शेंपूट माशासारखें डावीकडे-उजवीकडे वळवळे. आम्ही वाऱ्याबद्दल बोलत होतों. आई मागच्या बांकावरून म्हणाली, "वारा कसला? गाडी उलाळ झालीय त्याची. सामान पुढें सरकव म्हणावं." तिच्या वडिलांच्या घरीं कृष्णाकांठच्या गांवीं दोन बैलगाड्या होत्या. पुढें जड ती धुरजड, बैलांच्या मानेवर जूं रुततें. मागें जड ती उलाळ, जूं वर उचलून बैलांच्या गळ्याला फांस बसतो. भरणाऱ्यानें मधला तोल साधावयाचा. येथें याच गोष्टीवर चित्रें, आकृत्या आणि चलच्चित्रें आहेत, तज्ज्ञ व्याख्यानें देतात. त्या सर्वांतून जें कळतें तें या दोन शब्दांत आमच्या मराठींत पूर्वींपासून भरून ठेविलेलें होतें.

ब्रेकची व्यवस्था मात्र बैलगाडीच्या पलीकडची आहे. कॅरॅव्हॅनच्या चाकांना स्वतःचे विजेचे ब्रेक असतात आणि त्यांचा जोर चालकाच्या हाताशीं असलेल्या एका बटणानें कमीजास्त करतां येतो. दोन हजार किलोंवरच्या गाडीला आणखी एक बंधन आहे: ती चुकून मोटारीपासून सुटलीच, तर एक तार ओढली जाऊन स्वतःच्या बॅटरीवर तिचे ब्रेक आपोआप लागले पाहिजेत. पहिल्या महिन्यांत आम्हीं हें सर्व रिकाम्या मैदानांत शिकून घेतलें. मागें सरतांना सुकाणूचें चक्र डावीकडे फिरविलें कीं कॅरॅव्हॅन उजवीकडे जाते. हें डोक्याला पटकन समजतें, हाताला फार उशिरां.

जुनी पेटी आम्हीं वर्तमानपत्रांत जाहिरात न देतां ओळखीच्या ओळखींतून विकली. घेणारें जोडपें तिशींतलें, मूळचें केरळांतलें. बरोबर सहा आणि चार वर्षांच्या मुली. तंबू कसा उभारावयाचा तें दाखविण्यासाठीं आम्हीं तो अंगणांत शेवटचा उघडला. डाव्या कोपऱ्यांत एक ठिगळ होतें, २०१५ मध्यें एका फांदीनें फाडलेलें. तें आम्हीं आधींच दाखविलें. मुली माळ्यावर चढल्या त्या खालीं येईनात. किंमतीवरून थोडी ओढाताण करावी असा आमचा विचार होता, पण वरून हंसण्याचा आवाज येत असतांना तें जमलें नाहीं.

नवें बिऱ्हाड घेऊन आम्ही २०२४ च्या जुलैंत ऊडनाडाटाच्या मार्गानें गेलों. मारीपासून मार्लापर्यंत सुमारें ६२० किलोमीटरचा हा कच्चा रस्ता अराबाना लोकांच्या मुलखांतून जातो. वाटेंतले जिवंत पाण्याचे झरे त्यांना हजारों वर्षांपासून ठाऊक होते. त्या झऱ्यांच्या आधारानेंच १८७२ मध्यें पुरी झालेली तारायंत्राची ओळ गेली, आणि तिच्याच बाजूनें आगगाडी. आगगाडी मारीला १८८४ मध्यें पोंचली, ऊडनाडाटाला १८९१ मध्यें, ॲलिस स्प्रिंग्जला १९२९ मध्यें, आणि १९८० मध्यें ती वाट बंद होऊन रूळ पश्चिमेकडे गेले. आतां जुने पूल, पडकीं स्थानकें आणि वाळूंतून डोकावणारे खिळे राहिले आहेत.

रूळ नव्हते तेव्हां आणि रुळांच्या शेवटापलीकडे माल उंटांवरून जाई. हे उंट आणि त्यांचे हांकणारे आपल्याच बाजूचे. १८६० सालच्या बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठीं कराचीहून चोवीस उंट मेलबर्नला उतरविले गेले. १८६६ च्या सुमारास टॉमस एल्डर यानें कराचीहूनच शंभराहून अधिक आणून पोर्ट ऑगस्टाला उतरविले. त्या वेळीं सिंध मुंबई इलाख्यांत मोडत असे, म्हणजे कराची व आमची नाशिक-पुणें-रत्नागिरी एकाच गव्हर्नराच्या दप्तरांत होतीं. हांकणारे कोणी बलुची, कोणी सिंधी, कोणी पंजाबी, कोणी पठाण. येथें त्या सर्वांना सरसकट अफगाण म्हणत, आणि त्याचाच तुकडा तोडून आगगाडीला 'घॅन' हें नांव मिळालें. मारीला त्यांच्या जुन्या मशिदीची प्रतिकृति उभी आहे आणि खजुराचीं झाडें आहेत. कॅरॅव्हॅन हा शब्द मुळांत फारशी कारवानच. तो युरोपांत गेला, तेथें त्याचा अर्थ उंटांच्या तांड्यावरून चाकांच्या घरावर घसरला, आणि १८८५ मध्यें गॉर्डन स्टेबल्स नांवाच्या निवृत्त आरमारी डॉक्टरनें घोड्यांनीं ओढावयाची 'वाँडरर' नांवाची गाडी हौसेसाठीं बांधून घेतली तेव्हां तो सुखवस्तु लोकांच्या करमणुकीचा झाला. ज्या वाळूंतून खरा कारवान गेला तींतूनच आम्ही शीतपेटींत दहीं घेऊन चाललों होतों. मारीच्या त्या प्रतिकृतीसमोर उभे असतांना या विचारानें थोडा संकोच वाटला.

या रस्त्याला पन्हळी पडलेल्या असतात, अगदीं पन्हळी पत्र्यासारख्या. टायरांतील हवा चाळीस पौंडांवरून सत्तावीसवर आणली आणि वेग साठाच्या आसपास ठेवला, तरी दांत वाजावयाचे ते वाजतातच. गाडीच्या मागें हवा विरळ होते आणि धूळ प्रत्येक फटींतून आंत ओढली जाते. त्यावर उपाय म्हणजे छतांतील झरोका पुढच्या तोंडानें किंचित् उघडा ठेवणें, म्हणजे वारा आंत भरून धुळीला बाहेर रेटतो. तरीसुद्धां पहिल्या रात्रीं कपाट उघडलें तेव्हां हळदीच्या डब्यावर तांबडी धूळ होती. एक स्क्रू जमिनीवर मिळाला. तो कोठला, हें अजून सांपडलेलें नाहीं. जपून ठेविला आहे.

कॉवर्ड स्प्रिंग्जला दिवा मालविल्यावर विरोधी पक्ष बराच वेळ जागा होता. आवाज नव्हता. भिंतीच्या आंत दीड इंच फेंस असतो, आणि तो थंडी अडवितो तसे बाहेरचे सर्व स्वर अडवितो. शेवटीं उठून तिन्ही खिडक्या उघडल्या, तेव्हां वारा आला, दुरून कसलें तरी पांखरूं बोललें, आणि थंडीमुळें पाऊण तासानें दोन खिडक्या लावाव्या लागल्या. एक उघडी राहिली. तीवर दोन्ही पक्षांनीं सही केली, असें म्हणावयास हरकत नाहीं. स्वयंपाक बाहेरच्या खणावर करावयाचा, जेवण बाहेर, आणि निजेपर्यंत दार लावावयाचें नाहीं, हींही कलमें त्याच प्रवासांत ठरलीं. दूरचित्रवाणीसाठीं भिंतीवर जो हात बसविलेला होता त्याला आम्हीं कांदे-बटाट्यांची जाळी टांगली आहे.

पण विल्यम क्रीकला पाऊस लागला. या मुलखांत चार थेंबांत रस्त्याचा साबण होतो, आणि रस्ता बंद असल्याची पाटी पडली कीं तीवरून गाडी नेणाऱ्याला मोठा दंड होतो. दोन दिवस आम्ही जागचे हललों नाहीं. पलीकडे एका तरुण जोडप्याचा तंबू होता. पहिल्या दिवशीं दुपारीं त्यांची गादी भिजली, आणि संध्याकाळीं तीं दोघें आमच्या टेबलाशीं बसून खिचडी खात होतीं. त्यांना झब्बू शिकविला. बाहेर चिखलांत गुलाबी काकाकुवे पाणी पीत होते, तें दारांतून दिसत होतें. गुडघा त्या दोन दिवसांत एकदांही कुरकुरला नाहीं. रात्रीं तें जोडपें आपल्या मोटारींत निजावयास गेल्यावर विरोधी पक्षानें बराच वेळ छपरावरचा पाऊस ऐकिला, आणि कापडावरचा याहून चांगला असे, एवढेंच मत नोंदविलें. तें खरें आहे. कापडावरचा चांगला असे.

परत येतांना पोर्ट ऑगस्टाजवळच्या सार्वजनिक वजनकाट्यावर आम्हीं गाडी चढविली. २५८० किलो भरली. टांक्या अर्ध्या रिकाम्या होत्या. जोडावर २६०. उलाळ नव्हती.

येत्या जुलैंत आई येत आहे. ऐंशी ओलांडली आहे, पण तिकीट तिनें स्वतःच काढवून घेतलें. ऊडनाडाटा नाहीं, पुन्हां विल्पीनालाच जावयाचें. टेबल खालीं पाडलें कीं तिचा बिछाना होतो, दारापासून तो तीन पावलांवर आहे. हें सर्व आम्हीं तिला दूरध्वनीवर सविस्तर सांगितलें. तिनें ऐकून घेतलें आणि विचारलें, "भिंत आहे म्हणतां, मग देवांना कोनाडा कुठं काढलाय?" कोनाडा नव्हता. परवां शीतपेटीच्या वरचा एक लहान कप्पा मोकळा केला, त्याच्या तळाला रबराचा तुकडा चिकटविला, आणि पितळेचा गणपति त्यांत ठेवून गाडी मुद्दाम खडीच्या रस्त्यानें फिरवून आणली. हलला नाहीं. वजनाच्या वहींत खलबत्त्याच्या खोडलेल्या ओळीखालीं नवी नोंद केली आहे: देव, ६०० ग्रॅम.